रेट कमी करायचा की मशीन घ्यायचं? वाळूजच्या प्रेस शॉपबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला तुमच्या वडिलांचं शीट मेटलचं युनिट आहे आणि पुण्याची नोकरी सोडून तुम्ही तिथे आला आहात. ७ पॉवर प्रेस (पत्रा कापणारी-वाकवणारी यंत्रं), दोन शिफ्ट, ३० माणसं. ८० टक्के काम एकाच कंपनीचं. मागल्या वर्षी त्या कंपनीने तुमचेच ब्रॅकेट दुसऱ्या व्हेंडरलाही (पुरवठादारालाही) दिले आणि आता तुमच्याकडे ५ टक्के रेट कमी मागितलाय. वडील म्हणतात, देऊन टाकू, काम हातचं जायला नको. तुम्ही म्हणता, कर्ज काढून ४० लाखांची नवी मशीन घेऊ. आणि शेवटी विचारलंय की, स्पर्धेमुळे कंपन्या नवं काही करतात, उत्पादकता वाढते असं कॉलेजात शिकलो. आमच्याकडे स्पर्धा आली आणि नवं करायला पैसाच उरला नाही, मग खरं काय?

मी चिकलठाण्याच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे प्रेसचे साचे (डाय) जिथे बनतात आणि दुरुस्त होतात तिथे, फिटर म्हणून लागलो. नंतर १४ वर्षं एका मोठ्या कंपनीत व्हेंडर डेव्हलपमेंटचं (पुरवठादार उभे करायचं) काम केलं, म्हणजे आज तुमच्याकडे ५ टक्के मागणारा माणूस ज्या खुर्चीवर बसलाय, तिथे मी बसलेलो आहे. गेली ९ वर्षं लहान युनिटांमध्ये जाऊन उत्पादन सुधारायची कामं करतो. तुमच्यासारखी परिस्थिती मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे आणि तुमच्या प्रश्नातली तगमग मला कळते.

तुमचा ताळेबंद मी पाहिलेला नाही. डाय कोणाच्या मालकीच्या आहेत, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट किती भरलीय, समोरचा व्हेंडर तुमच्यापेक्षा किती पुढे आहे, यावर उत्तर बदलतं. यातलं तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

आधी कॉलेजातल्या गोष्टीकडे येतो. हा वाद जुना आहे. अर्थतज्ज्ञ जोसेफ शुंपेटर यांनी १९४२ मध्ये मांडलं की नवं शोधायला गाठीशी नफा लागतो आणि शोधल्यावर काही काळ तो आपल्याकडेच राहील याची खात्री लागते. फार स्पर्धा असेल तर दोन्ही मिळत नाहीत. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये उलट बाजू दाखवली की ज्याची मक्तेदारी आहे त्याला घाई नसते, कारण नवी वस्तू आणली तर त्याचाच जुना चालता धंदा मोडतो. पुढे २००५ मध्ये फिलिप अगियों, पीटर हॉविट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या कंपन्यांचे पेटंट तपासून दोन्ही बाजू एका चित्रात बसवल्या. स्पर्धा अगदी कमी, तिथे नवं काम कमी. स्पर्धा वाढत गेली तसं नवं कामही वाढत गेलं. पण एका टप्प्यानंतर स्पर्धा आणखी तीव्र झाली तेव्हा ते पुन्हा घसरलं. आलेख डोंगरासारखा, चढणारा आणि मग उतरणारा. याच अगियों आणि हॉविट यांना २०२५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, जोएल मोकिर यांच्यासोबत विभागून.

असं का होतं, हे आपल्याकडे कुस्तीच्या फडावर बसलेल्या कोणालाही समजेल. जत्रेत पंच जोड बरोबरीची लावतात. बरोबरीची जोड असली की दोघेही वर्षभर तालमीत घाम गाळतात, कारण एका नव्या डावाने निकाल फिरू शकतो. गावातल्या पोराची जोड नावाजलेल्या मल्लाशी लागली तर तो डाव शिकायच्या भानगडीत पडत नाही, अंग वाचवून उतरायचं बघतो. कारखान्यांचं तसंच आहे. आघाडीवर खेटून असलेल्या दोन कंपन्यांमध्ये स्पर्धा वाढली की दोघी पुढे पळतात, आणि खूप मागे पडलेल्या कंपनीवर तीच स्पर्धा आली की तिचा हुरूप जातो. तुमचे प्राध्यापक चुकीचं शिकवत नव्हते आणि तुमचा अनुभवही खोटा नाही. ते डोंगराच्या चढाबद्दल बोलत होते, तुम्ही उतारावर उभे आहात.

चढाचं उदाहरण आपल्याच भागात घडलंय. परवान्यांच्या काळात स्कूटर बुक केली की वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी हिरो होंडाची पहिली मोटारसायकल बाजारात आली. पुढच्या पंधरा वर्षांत गिऱ्हाईक स्कूटरवरून मोटारसायकलकडे वळलं आणि बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली. आमच्या टूलरूममध्ये हा बदल फळ्यावर दिसायचा. सुरुवातीला एकाच डायच्या दुरुस्त्या वर्षभर चालायच्या. नंतर नव्या मॉडेलच्या नव्या डायची कामं एकामागून एक लागायला लागली, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कमी होत गेला. चुरस वर ग्राहक कंपन्यांमध्ये होती, पण काम बदललं आमचं.

आता तुमच्या युनिटकडे. तुम्ही नवं काही करणं आणि उत्पादकता वाढवणं एकाच श्वासात लिहिलंय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवं काही करायला पैसा आणि धीर लागतो. उत्पादकता मात्र पुष्कळदा आहे त्याच यंत्रांतून, आहे त्याच माणसांकडून वाढते, आणि तिथे संकटाचा धाक खरोखर उपयोगी पडतो. याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण अमेरिका आणि कॅनडातल्या लोहखनिजाच्या खाणींचं आहे. तिथल्या ग्रेट लेक्स या सरोवरांच्या काठच्या पोलाद कारखान्यांना त्या खाणी कित्येक दशकं बिनधोक माल विकत होत्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलचं खनिज थेट शिकागोपर्यंत स्वस्तात पोहोचायला लागलं. आधीची दहा वर्षं जवळपास जागच्या जागी असलेली दर माणशी उत्पादकता त्यानंतर काही वर्षांत दुप्पट झाली. जेम्स श्मिट्झ या अर्थतज्ज्ञाने कारणं शोधली, तर नव्या यंत्रांचा वाटा फारसा निघाला नाही. कामाचे नियम बदलले होते. आधी अमुक दुरुस्तीला अमुकच वर्गाचा कामगार लागायचा आणि तो येईपर्यंत यंत्र उभं राहायचं. ते बंद झालं आणि यंत्रं जास्त वेळ चालायला लागली.

तुमच्याकडे यंत्र कशासाठी उभं राहतं? प्रेस शॉप म्हटलं की मी आधी डाय बदलायला लागणारा वेळ बघतो. वाळूजच्याच एका युनिटमध्ये, साधारण तुमच्याएवढ्याच, मी १०० टनी प्रेसजवळ घड्याळ घेऊन उभा राहिलो होतो. एका जॉबचा (पार्टच्या बॅचचा) शेवटचा पीस पडल्यापासून पुढच्या जॉबचा पहिला चांगला पीस पडेपर्यंत ११० मिनिटं लागली. सेटर (डाय बसवणारा) आळशी नव्हता, पूर्ण वेळ घामाघूम होता. पण नवी डाय शेडच्या दुसऱ्या टोकाला रॅकवर होती, ती ट्रॉलीवर घालून आणायला वेळ गेला. तिची शट हाइट (बंद डायची उंची) वेगळी, म्हणून खाली पॅकिंग शोधणं आलं. टी-बोल्ट आखूड पडला. मोठा पाना दुसऱ्या सेटरकडे होता. पहिला पीस घेऊन पोरगं क्यूसीकडे (क्वालिटी तपासणीकडे) गेलं तेव्हा क्यूसीवाला डिस्पॅचला गेलेला. डाय बसवण्याचं खरं काम होतं जेमतेम २५ मिनिटांचं, बाकी सगळी शोधाशोध.

आम्ही काय केलं? रोज लागणाऱ्या डायच्या खाली कायमचे पॅरलल ब्लॉक बसवून शट हाइट एकसारखी केली. बोल्ट एका मापाचे केले. प्रत्येक प्रेसला तिचा पाना हुकावर लटकवला. चालू जॉबचे शेवटचे ५०० पीस राहिले की पुढची डाय प्रेसशेजारी येऊन थांबायला लागली आणि पहिल्या पीसचं गेज (तपासायचं साधन) प्रेसपाशीच ठेवलं. दोन महिन्यांत ३५ मिनिटांवर आलो. लाखभर रुपयेही लागले नाहीत. यात माझी अक्कल काहीच नाही, जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी हे शास्त्र १९५० ते १९७० या काळात घडवलं. टोयोटात त्यांनी हजार टनी प्रेसच्या डाय बदलाचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला होता.

तुमचा हिशोब करू. ७ प्रेस, प्रत्येकीवर दिवसाला २ बदल धरले तर १४ बदल. प्रत्येकात ७५ मिनिटं वाचली तर रोजचे साडेसतरा प्रेस-तास. दोन शिफ्टचे तुमचे एकूण प्रेस-तास आहेत ११२. म्हणजे साडेपंधरा टक्के क्षमता आज शेडमध्येच पडून आहे, आणि तिला हप्ता नाही. ४० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिना जवळपास ८६ हजारांचा हप्ता बसतो, काम असो वा नसो. वाचलेल्या तासांना भरायला काम नसेल तरीही फायदा आहे. डाय पटकन बदलते म्हणून बॅच लहान घेता येते, तयार मालाचे ढीग कमी होतात, त्यात अडकलेला पैसा सुटतो, ओव्हरटाइम कमी होतो. बदल दिवसाला दोन नसून आठवड्याला दोन असतील तर मात्र हा हिशोब कोसळतो, म्हणून आधी मोजा.

इथे तुम्ही म्हणाल, एवढं सोपं होतं तर आम्ही आधीच का केलं नाही? या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केलाय, आणि अर्थतज्ज्ञ निक ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात मला त्याचं सर्वांत चांगलं उत्तर मिळालं. त्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या पट्ट्यातल्या १७ कापड कंपन्यांचे २८ कारखाने घेतले. चिठ्ठी टाकावी तसे काही कारखाने निवडून तिथे तज्ज्ञ पाठवले. कामं साधी होती: यंत्रांची वेळेवर देखभाल, दोषांची रोज नोंद, सुताचा साठा लावून ठेवणं, कोणाचं काम काय हे ठरवणं. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. हे आधी का केलं नाही असं विचारल्यावर मालकांची उत्तरं साधारण अशी होती, की आमची क्वालिटी शेजाऱ्यांपेक्षा वाईट नाही, किंवा याने नफा वाढेल असं वाटलं नाही. शेजारीही तसाच चालत असेल तर आपण मागे आहोत हे कळणार कसं?

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. कंपनी किती मोठी होणार हे तिच्या कारभारापेक्षा घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर जास्त अवलंबून होतं. पैसा आणि माल बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचा नाही, म्हणून घरातली माणसं पुरतील तेवढाच धंदा. चांगल्या चालणाऱ्या कंपन्या वाढत नाहीत आणि वाईट चालणाऱ्यांचं काम त्या घेत नाहीत. मग वाईट कंपनीला धाक कोणाचा? स्पर्धेचं निम्मं काम असतं चांगल्याकडे काम सरकवण्याचं, आणि आपल्याकडे नेमकं तेच अडतं. चँग-ताई शे आणि पीटर क्लेनो या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये हिशोब मांडला होता की भारतात भांडवल आणि मजूर अमेरिकेइतक्या सुरळीतपणे चांगल्या कारखान्यांकडे गेले तर उत्पादन क्षेत्राची उत्पादकता ४० ते ६० टक्के वाढेल. तुम्ही पुण्याची नोकरी सोडून घरी आलात, याचा अर्थ तुमच्या युनिटला एक कर्ता माणूस वाढला. पण पुढे जायचं तर सुपरवायझरला डायचं रॅक, स्क्रॅपची चावी आणि पीस नाकारायचा अधिकार द्यावा लागेल. वडिलांना हे जड जाईल. तीस माणसांचा पगार वर्षानुवर्षं वेळेवर देणाऱ्या माणसाची सावधगिरी मी कधीच हलक्यात घेत नाही. त्यांना न दुखावता, एका प्रेसपासून सुरुवात करा.

थोडक्यात, आत्तापर्यंत मी म्हणालो ते इतकंच: उताराकडच्या कारखान्याने आधी फुकटची उत्पादकता गोळा करावी, त्यातून श्वास घ्यायला जागा करावी, आणि मग नव्याकडे वळावं.

पण उत्पादकतेला एक मर्यादा आहे, ती जालन्याकडे बघून लक्षात येते. तिथे सळई बनवणाऱ्या मिला एकमेकींना खेटून आहेत. बिलेट (पोलादाची ओतीव कांब) गरम असतानाच थेट रोलिंगला नेली तर ती पुन्हा तापवायचं इंधन वाचतं. अशी युक्ती एकाने केली की कामगार, फोरमन, कंत्राटदार यांच्या तोंडून ती शेजारच्या गेटपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. सगळ्यांनी केली की वाचलेला पैसा मिलमालकाकडे राहत नाही, सळईच्या दरात उतरतो आणि घर बांधणाऱ्याकडे जातो. समाजासाठी ही स्पर्धेची मोठी देणगी आहे. पण मालक म्हणून तुम्हाला हे ठाऊक हवं की डाय बदलाची बचत वर्ष-दोन वर्षांत रेटमध्ये विरघळणार. तेवढाच काळ तुमच्या हातात आहे.

त्या काळात काय करायचं? शेजाऱ्याला गेटबाहेरून दिसणार नाही असं काही. जॉबवर्क करणाऱ्याला वाटतं की ड्रॉइंग ग्राहकाचं, मग आपण नवं करणार काय. मी एका युनिटमधलं सांगतो. एल आकाराचा ब्रॅकेट, ३ मिलिमीटर शीट. पट्टीवर सगळे एल एकाच दिशेने मांडलेले, आणि प्रत्येकाच्या काखेतला चौकोन स्क्रॅपमध्ये जायचा. टूलरूममधल्या आयटीआयच्या एका मुलाने जुन्या पट्टीच्या कागदी प्रती कापल्या आणि टेबलावर एक एल १८० अंशांत फिरवून दुसऱ्याच्या काखेत बसवला. तसा फिरवल्याने शीटच्या रोलिंगची (लाटण्याची) दिशा बेंडला (वाकवायच्या रेषेला) तीच राहते, बरची (कापताना उठणाऱ्या कडेची) बाजूही बदलत नाही. म्हणजे वाकवताना तडा जायची भीती नाही आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगला धक्का नाही. दर पीसला शीट ९ टक्के कमी लागली. शीट मेटलच्या पार्टमध्ये निम्म्याहून जास्त खर्च शीटचाच असतो, म्हणून नव्या डायचे पैसे पाच महिन्यांत सुटले. यालाच मी नवं काम म्हणतो. पेटंट नाही, पण डोकं त्यात तेवढंच लागतं.

ही बचत ग्राहकाला सांगायची का? सांगा, पण आधी लेखी ठरवून घ्या: व्हीएव्हीईचा (काम तेच ठेवून खर्च कमी करायचा) प्रस्ताव आमचा, एक वर्ष निम्मी बचत आमची. मी त्या खुर्चीवर असताना असे प्रस्ताव घेऊन येणारे व्हेंडर फार थोडे होते, आणि त्यांचं काम आम्ही सहसा दुसरीकडे हलवत नव्हतो. आणखी एक आतली गोष्ट. दुसरा व्हेंडर उभा करायचा म्हणजे नवी डाय, पीपॅप (पार्ट मंजूर करून घ्यायची प्रक्रिया), ट्रायल लॉट, ऑडिट. नुसत्या ५ टक्क्यांसाठी एवढा व्याप मी क्वचितच केला. बहुतेक वेळा आधी डिलिव्हरी चुकलेली असायची नाहीतर लाइनवर रिजेक्शन वाढलेलं असायचं, आणि रेटचा विषय नंतर निघायचा. तुमच्या गेल्या १८ महिन्यांच्या डिलिव्हरी आणि पीपीएमच्या (दहा लाख पीसमागे खराब किती याच्या) नोंदी काढून बघा. कारण तिथे सापडलं तर रेट कमी करून दुखणं जाणार नाही.

राहिली ती ८० टक्क्यांची गोष्ट. विकणारे अनेक आणि घेणारा एक असेल तर स्पर्धेचा सगळा भार एकाच बाजूवर पडतो. तुमच्या प्रेसना काम देऊ शकणारे इलेक्ट्रिकल पॅनेलवाले आपल्याकडे आहेत, शेंद्र्याकडचे कारखाने आहेत, आणि मराठवाड्यात सोयाबीनसाठी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्रं बनवणारेही आहेत. शेती अवजारांचं काम हंगामी असतं, जूनच्या आधी घाई आणि नंतर शांतता, पण लहान बॅच पटकन फिरवता येणाऱ्यालाच ते परवडतं. डाय बदलाचा वेळ कमी झाल्याचा खरा उपयोग इथे होतो. नव्या ग्राहकाकडे जाताना उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि पैशाची मुदत पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहून घ्या. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. पैसे चार महिन्यांनी येणार असतील तर कुठलीच सुधारणा टिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर मशीन घ्यायची की नाही? आज नको. तुमच्या प्रेस खरोखर भरून चालायला लागल्या आणि दुसरा ग्राहक हप्त्याएवढं काम लेखी द्यायला तयार झाला, की घ्या, आणि तेव्हा वडिलांनाही ते जड वाटणार नाही. ५ टक्क्यांचं म्हणाल तर लगेच होही म्हणू नका आणि नाहीही. २ टक्के आत्ता, उरलेले व्हीएव्हीईतून सहा महिन्यांत, असं मांडा. मी पलीकडे असतो तर ऐकलं असतं. समोरच्या व्हेंडरकडे सर्व्हो प्रेस (मोटरवर नेमकी चालवता येणारी आधुनिक प्रेस) आणि स्वतःचं टूलरूम असेल तर मात्र या ब्रॅकेटवर फार अडून राहू नका, ताकद दुसऱ्या ग्राहकाकडे वळवा. डाय बनवायला स्वतःचं टूलरूम नसलं तरी चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे चौकशी करा.

तीन आठवडे प्रत्येक प्रेसजवळ पाटी लावून डाय कधी उतरली आणि पहिला चांगला पीस कधी पडला, एवढ्याच दोन वेळा लिहायला लावा. लिहिणाऱ्याला ओरडू नका, नाहीतर आकडे खोटे येतील. त्या नोंदी आणि तुमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या ब्रॅकेटच्या पट्टीचं मापांसह रेखाचित्र इथे टाका, ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर झाकून. लेआउटमध्ये जागा सुटते का ते मी बघतो.